पोतनीस फॅमिली, टेबल सत्तावीस

"फाइव्ह पोतनीस, वन फॅमिली!" काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि तिने पाच पिवळेधमक टी-शर्ट माझ्या हातात कोंबले.

"थ्री," मी म्हटलं. मी, आई आणि बाबा. दोघं पुण्याहून पहिल्यांदाच सिंगापूरला आले होते आणि मी हौसेने त्यांना तीन रात्रींच्या क्रूझला घेऊन निघाले होते.

"फाइव्ह, लाह! कॉम्प्युटर से फाइव्ह."

"त्यातले दोन आम्ही असू," मागून आवाज आला.

मी वळले. उंच, सावळा, चष्मा किंचित घसरलेला... आणि हातात कुकर. तीन लिटरचा, शिट्टीसकट.

"आईने बॅगेत घातला होता," तो लाजून म्हणाला. "जहाजावर वरणभात मिळाला नाही तर, म्हणून. तपासणीत पकडला. मी रुचिर पोतनीस. इथेच क्लेमेंटीला राहतो, पोस्टडॉक करतो. एरवी कुकर घेऊन हिंडत नाही."

मी हसले. तिथेच माझं चुकलं... किंवा बरोबर झालं.

दोन हजार सहाच्या जूनमधली, शाळांच्या सुट्टीतली ती खास 'फॅमिली क्रूझ' होती. प्रत्येक कुटुंबाला एकसारखे टी-शर्ट, एक टेबल आणि पहिल्या रात्री जेवताना पेंग्विनचं सोंग घेतलेल्या जहाजावरच्या माणसाबरोबर एक फोटो. पोतनीस आडनावाची माणसं जगात मोजकीच, त्यामुळे कॉम्प्युटरला पाचही जण एका घरातले वाटले तर त्याला काय बोलणार? पण आईलाही तसंच वाटलं.

"पोतनीस? म्हणजे भाऊबंदच की आपले!" ती आनंदाने म्हणाली. "निहारिका, दादा आहे हो हा तुझा!"

आईने एकदा कुणाला माझा दादा केलं की विषय संपतो. गेल्या वर्षी, बुकित पंजांगला राहणारा विश्वास जरा बरा वाटतो असं मी फोनवर म्हणायचा अवकाश... आईने त्याचं माझ्या आजोळाशी नातं शोधून काढलं आणि पोस्टाने राखी पाठवली. बांधावी लागली हो मला!

जहाज सुटण्याआधी सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालून डेकवर जमायचं होतं. आई आली ती हातात पुरणपोळ्यांचा डबा घेऊन. "जहाज बुडालं तर बोटीत खायचं काय?" हा तिचा सवाल. कुकर धक्क्यावरच सोडावा लागलेल्या रुचिरच्या आईने त्या डब्याकडे इतक्या आदराने बघितलं की दोघींची तिथल्या तिथे गट्टी जमली.

माझ्या जॅकेटचा पट्टा मात्र काही केल्या अडकेना.

"अहो... जरा बघता का?"

"अहो काय? दादा म्हण!" आई दोन रांगा पलीकडून ओरडली.

रुचिरने पट्टा ओढला. खट्कन आवाज झाला. त्याची बोटं क्षणभर माझ्या हाताला लागली आणि आम्ही दोघांनी उगीचच समुद्राकडे बघितलं.

"दादा का नाही म्हणालात?" त्याने हळूच विचारलं.

"जीभ वळत नाही."

"वळवू नका," तो म्हणाला.

जहाज सुटलं. डोक्यावरून केबल कारचे डबे सेंटोसाकडे चालले होते. आईला झोप येत होती. "जा गं, दादाबरोबर जहाज बघून ये," ती म्हणाली. भाऊ करण्याचा हा एवढा एक फायदा!

आम्ही जहाज किती बघितलं ते विचारू नका. आइस्क्रीमचं मशीन मात्र नीट बघितलं. पहिल्या कोनपर्यंत अहो-जाहो टिकलं, दुसऱ्याला अरे-तुरे सुरू झालं. तिसऱ्याला सर आली, आणि एका छत्रीखाली उभं राहताना मला कळलं की आपलं काही खरं नाही. दोन तासांच्या ओळखीत इतकी धडधड बरी नव्हे... पण मला हा मुलगा हवा होता.

"आपण खरंच भाऊबंद असलो तर?" मी विचारलं.

"आईला गोत्र विचार तुझं."

"वेडा आहेस? ते काय हवापाणी आहे विचारायला? विचारलं की तिला लगेच कळेल."

"आणि एकच निघालं तर?"

बाबांनी मनावर घेतलं नसतं. पण सगोत्र म्हटल्यावर आईने अन्नपाणी सोडलं असतं, आणि तिला रडवून मला काही करता आलं नसतं. रुचिरचं आइस्क्रीम मनगटावर ओघळत होतं.

जेवण संध्याकाळी सहाला. टेबल सत्तावीसवर पाच पिवळे पोतनीस बसले. प्रत्येकापुढे तीन काटे, तीन सुऱ्या. "एवढी हत्यारं कशाला?" बाबांनी विचारलं. आईने पर्समधून लोणच्याची बाटली काढली. शेजारच्या टेबलावर फोटोग्राफर आणि पेंग्विन पोचले होते. पुढचा नंबर आमचा.

रुचिरने चमचा खाली ठेवला.

"काकू," तो म्हणाला. आवाज जरा चिरकला. "तुमचं गोत्र कोणतं?"

आईचा हात बाटलीच्या झाकणावर थांबला. "का रे?"

"आमचं भारद्वाज!" रुचिरची आई घाईघाईने म्हणाली. तिला कुणी विचारलंही नव्हतं. म्हणजे तिलाही कळलं होतं तर!

आईने माझ्याकडे बघितलं. मी सूपकडे बघितलं. माझे कान तापले होते. मग तिने रुचिरकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे, आणि या खेपेला बराच वेळ...

"आमचं," ती सावकाश म्हणाली, "कौशिक."

मला एकदम रडूच आलं. बाबांनी शांतपणे पाव मोडला. "चला, यंदा राखी पाठवायला नको," ते म्हणाले.

तेवढ्यात फोटोग्राफर आला. "हॅलो, पोतनीस फॅमिली! ब्रदर, सिस्टर, क्लोजर, क्लोजर!"

आई ताडकन उभी राहिली.

"नो ब्रदर!" सगळ्या डायनिंग हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "नो सिस्टर!" मग जरा थांबली, मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाली, "बट... क्लोजर, ओके."

रुचिरने खुर्ची सरकवली. पेंग्विन आमच्या मधोमध उभा राहायला निघाला, तर बाबांनी त्याला पंख धरून आपल्या बाजूला ओढलं.

"दादा तर गेला," रुचिर कुजबुजला. "आता काय म्हणणार मला?"

"अहो," मी म्हटलं, "कॅमेऱ्याकडे बघा."