दोन घंट्यांना एक जवाब

मिनल, त्यो मोबाइल जरा इकडं कर. हां. ही लाल रेघ म्हंजी तुमचा उद्याचा सायकलींचा रूट ना? कुरुळीतनं निघायचं, कंपन्यांच्या मागच्या मुरमाच्या रस्त्यानं टेकडीला वळसा घालायचा आन् पलीकडनं उतरून परत यायचं. झकास. पण अजिंक्य, ही रेघ इथं वाकडी का नेलीस रं? सरळ पाणंद हाय की तिथं. काय? मॅपवर दिसत न्हाई? मॅपला काय ठाव! चार पिढ्यांच्या बैलगाड्या गेल्यात आमच्या त्या पाणंदीनं.

बसा दोघं. चहा व्हईस्तवर सांगतो. खोटं वाटलं तर उद्या सकाळी डोळ्यांनी बघा, मंग आप्पा फेकतो म्हणा खुशाल.

पाणंद म्हंजी दोन शेतांच्या मधनं गाडीपुरती सोडलेली वाट, अजिंक्य. मारुंजीत कुठली दिसायची तुला! ही पाणंद अरुंद. दोन्ही अंगांनी घायपाताचं कुंपण, काटा घुसला की आठ दिवस ठणकतंय. समोरासमोर दोघं आले तर एकाला मागं सरावं लागायचं. म्हणून आमच्यात एक रीत व्हती. तोंडाशी आलं की दोनदा घंटी वाजवायची. आत कुणी असलं तर त्यानं एकदा वाजवून जवाब द्यायचा. जवाब आला तर थांबायचं. न्हाई आला तर वाटंवर कुणी न्हाई, खुशाल घुसायचं.

पाणंदीच्या टोकाला गेनबाचं घर आन् चार एकर. आजूबाजूच्या सगळ्यांनी जमिनी दिल्या, ह्यानं इतभर दिली न्हाई. दलाल आला की म्हणायचा, "चहा घे आन् जा." रोज पहाटं जुन्या सायकलीला दुधाच्या दोन किटल्या अडकवून चाकणला जायचा. पायडल मारलं की चेनकव्हर घासायचं. किर्र... किर्र... परत येताना घंटी वाजली की त्याची बायको सगुणाबाई दारातनं ताट बडवायची. भाकरी तयार हाय म्हणून.

तीन वर्सांमागं एका पहाटं गेनबा दूध घालायला गेला आन् हायवेवर कुणीतरी उडवला. कुणी, ते आजपातुर कळलं न्हाई. दवाखान्यातनं त्याला थेट घाटावर नेला, डांबरी रस्त्यानं. पाणंदीनं गेलेला माणूस पाणंदीनं घरी आलाच न्हाई. सगुणाबाई त्यावरनं लई रडली. मला म्हणली, "भाऊजी, निदान त्या वाटंनं तरी आणायचा व्हता."

मंग शेजारची जमीन एका गोदामवाल्यानं घेतली. त्यानं पाणंदीवर पत्र्याचं गेट ठोकलं, साखळी लावली. वर म्हणतो, म्हातारा गेल्यापास्नं इथनं कुणी जातच न्हाई, वहिवाट मोडली. आता वहिवाट मोडली तर वाट मेली. वाट मेली की सगुणाबाई चार एकरासकट कोंडली. मंग जमीन इकायची ती त्यालाच, त्यो म्हणल तशी. हा डाव!

आमी अर्ज केला. मंडल अधिकारी पाहणीला येणार व्हता एकतीस डिसेंबरला, सकाळी दहाला. दोन हजार चोवीसची गोष्ट. मी सांगतोय ती त्याच्या आदल्या रातीची. सोमवती अवस व्हती.

आता गोरक्ष. माझा पुतण्या, उद्या तुमच्या म्होरं चालणार हाय त्योच. त्याला यातलं काय बी विचारू नका, त्यो बोलत न्हाई. कंपनीत ओव्हरटाइम करून साडेसातला सुटला. सगुणाबाईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या व्हत्या, त्या मेडिकलमधनं घेतल्या आन् सायकल पाणंदीकडं वळवली. गेटापाशी आलं की सायकल खांद्यावर घेऊन काट्यातनं जायचा, रोजचंच झालं व्हतं त्याचं. मुद्दाम जायचा. म्हणायचा, "आप्पा, मी रोज गेलो तर वहिवाट कशी मोडंल?" आपल्या घरचं पोरगं हाय!

पण एक गाढवपणा त्यानं केला व्हता. तुमच्या ग्रुपात कुणीतरी सांगितलं, घंटीचं उगा वजन व्हतंय. काढून टाकली! चाळीस ग्रॅम! हसू नका. तुमच्या बी सायकलींना न्हाई, बघितलंय मी.

सव्वाआठला त्यो पाणंदीच्या तोंडाशी आला. घंटी न्हाई, तसाच आत घुसला. थंडी मरणाची. म्होरं दिव्याचा एक गोल, बाकी काळोख.

निम्मी पाणंद गेली असंल. मागनं घंटी वाजली.

दोनदा.

कुणीतरी तोंडाशी आलं असणार. गोरक्षाचा अंगठा सवयीनं हँडलवर गेला. घंटी कुठं तिथं! येतोय त्यो येऊ दे, म्हणला.

परत दोनदा. आता जवळ.

मागं वळून बघितलं. दिवा न्हाई. माणूस न्हाई. नुसता काळोख... आन् त्यातनं आवाज.

किर्र... किर्र...

गोरक्षानं ओळखला. ल्हानपणापास्नं ऐकलेला. पळावं म्हणला. पाय पायडलवर बसंना.

"कोण हाय?"

किटल्या वाजल्या. रिकाम्या. एकमेकींवर.

"गेनबाकाका?"

परत घंटी. दोनदा. पार पाठीशी.

आन् तवा त्याच्या टाळक्यात उजेड पडला. अरं, ह्यो भेव दावत न्हाई! ह्यो इचारतोय! वाटंवर कुणी हाय का? आन् जवाब न्हाई म्हंजी... कुणी न्हाई. म्हंजी गोदामवाला खरा. म्हंजी वाट मेली.

मला सांगताना पोरगं रडलं व्हतं इथं. पण त्या वक्ताला न्हाई रडलं. त्याला राग आला. भुताचा न्हाई, त्या साखळीचा. त्यानं पाण्याची स्टीलची बाटली उपसली आन् सायकलीच्या दांडीवर हाणली.

ठण्ण!

एकदाच. आन् बोंबलला, "हाय! वाटंवर माणूस हाय! या तुमी काका, मी सरतो!"

सायकल कुंपणात रेटली. काटं पाठीत घुसलं. डोळं मिटून घेतलं.

कच्च्या दुधाचा वास आला. अंगाला वारं लागलं, थंड.

किर्र... किर्र...

म्होरं गेलं. गेटाकडं.

थांबलं न्हाई.

मंग गेटाच्या पलीकडनं घंटी. दोनदा. आन् मंग लांबनं, सगुणाबाईच्या दारातनं, ताट वाजलं.

गोरक्ष गेटापाशी गेला. साखळीला कुलूप जसंच्या तसं. पत्र्याआडनं ओल्या सिमेटाचा वास येत व्हता. त्यो काट्यातनं, शेजारच्या शेतातनं सगुणाबाईच्या दारात पोचला. ती ताट मांडीवर घेऊन बसली व्हती.

"घंटी वाजवलीस ना रं? मी जवाब दिला," ती म्हणली. "तूच व्हतास ना?"

गोरक्षानं गोळ्या हातात ठेवल्या. "व्हय काकू," म्हणला. दुसरं काय म्हणणार?

सकाळी दहाला मंडल अधिकारी आला. आमी धाबाराजण जमलो व्हतो. गोदामवाला हसत हसत आला, म्हणतो, "साहेब, इथं वाट न्हाई, आमच्या गोदामाचं अंगण हाय." आन् कुलूप काढून गेट उघडलं. बघतो तर काय! आदल्या संध्याकाळी त्यानं पाणंदीवर ह्या कुंपणापास्नं त्या कुंपणापातुर काँक्रीट ओतलं व्हतं. वीस फूट. रातीत वाळून कडक झालेलं. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेब पुढं झाला. वाकला. मंग गोदामवाल्याचं हसू गेलं.

काँक्रीटात सायकलीच्या चाकाची रेघ व्हती. गेटाच्या पत्र्याखालनं निघालेली, ती थेट पल्याडच्या मातीपातुर. पावलाचा ठसा एक न्हाई. वॉचमन शपथा घेत व्हता, रातभर खुर्चीवर जागा व्हतो, गेट उघडलं न्हाई म्हणून. गोरक्षानं आपली सायकल शेजारी लावून दावली. त्याचं टायर रुंद, नक्षीचं. रेघ अंगठ्याएवढी, गुळगुळीत.

"काल संध्याकाळी ओतलं ना तुम्ही हे?" साहेबानं गोदामवाल्याला इचारलं. "मग रातीत इथून गेलं कोण?"

सगुणाबाई म्होरं झाली. पदर खोचला. म्हणली, "लिवा साहेब. रोजची वाट हाय आमची."

साहेबानं लिहिलं, वाट वापरात आहे. आठ दिवसांत गेट उतरलं. मी सोता पाना घेऊन उभा व्हतो. चार एकर अजून तिचंच हाय, यंदा कांदा लावलाय.

तवा उद्याची ती लाल रेघ सरळ करा. न्हाई म्हणायचं न्हाई. माझ्या पडवीत जुन्या घंट्या हायत, एकेक बसवून घ्या. तोंडाशी दोनदा वाजवा. आतनं जवाब आला तर थांबा, आन् कुणी दिसलं न्हाई तरी वाट द्या.

काँक्रीट आमी फोडू दिलं न्हाई. सगुणाबाईनंच अडवलं. त्या दिवशी समदी गेल्यावर ती त्या रेघंपाशी बसली, या टोकापास्नं त्या टोकापातुर हात फिरवला. परत फिरवला. मंग माझ्याकडं बघून म्हणली, "भाऊजी, एकदाच गेलीया. घराकडं."

उद्या बघा तुमी. परतीची रेघ न्हाई तिथं.