तांबड्या तापाची मात्रा

सह्याद्रीच्या त्या उंच दांडावर पहाट आधी वज्रकड्याच्या निशाणाला शिवते आणि मग सावकाश उतरत खालच्या माचीवर येते; पण माघातल्या त्या सकाळी गडावर उजाडलं तेव्हा चौघडा झडला नव्हता, सदरेवर मुजरे नव्हते, आणि बालेकिल्ल्यातल्या वाड्यासमोर जमलेले मानकरी नाकाला शेले लावून, एकमेकांपासूनही हातभर अंतर राखून उभे होते. गडाचे धनी श्रीमंत हिंदुराव आत तापाने फणफणत होते. धन्यांचं वय होतं सहा वर्षं.

तांबडा ताप महिन्यापूर्वी माचीवर, तोफा डागणाऱ्या गोलंदाजांच्या वस्तीत उपटला होता. घसा सुजायचा, जीभ पिकल्या तुतीसारखी लाल नि दाणेदार व्हायची, अंगावर बारीक तांबडं पुरळ उठून कातडी खरखरीत लागायची. माचीवरची पंधरा पोरं अंथरुणाला खिळली, तोवर तो हलक्या लोकांचा आजार होता आणि त्याचं नाव काढणं सदरेच्या इतमामाला शोभत नव्हतं. ताप तट ओलांडून वर आला, तेव्हा मानकऱ्यांना वैद्यक आठवलं.

राजवैद्य नरहरशास्त्री तीन दिवस धन्यांना रसकर्पूर देत होते. पाऱ्यापासून केलेलं ते जालीम औषध, धडधाकट गड्यालाही जपून द्यायचं. ते शास्त्री एवढ्याशा पोराला दिवसातून दोनदा, सोन्याच्या वाटीत मध घालून, वर लांबलचक श्लोक म्हणून चाटवीत. कारभारी बजाबापंत तेवढा वेळ हात जोडून, डोळे मिटून उभे राहत. पंतांचं संधान धन्यांच्या चुलत्याशी होतं. विष घातलं तर बोभाटा होतो, औषधाने मेलेल्या पोराबद्दल मात्र लोक दैवाला बोल लावतात, एवढी अक्कल पंतांना होती. आणि शास्त्र्यांना एक गाव इनाम कबूल झालं होतं. तेवढ्यावर त्यांची सारी विद्या विकली गेली.

धन्यांच्या मातोश्री सगुणाबाईसाहेबांनी त्या सकाळी माचीवरून चिमाबाईला बोलावून घेतलं. चिमाबाई गोलंदाजाची विधवा. तिने माचीवरची तेरा पोरं तापातून बाहेर काढली होती. बाईसाहेब चिकाच्या पडद्याआड होत्या, मानकरी उघड्या दारातून पाहत होते. ती आली, वाकली, पोराचं तोंड उघडून पाहिलं. हिरड्या सुजून रक्ताळल्या होत्या, लाळेची धार थांबत नव्हती, दोन दात बोट लावताच हलले.

"बाईसाहेब, घसा तापाचा आहे," ती म्हणाली. "हिरड्या तापाच्या नाहीत. पोराच्या पोटात पारा गेलाय."

"जीभ आवर!" बजाबापंत कडाडले. "तोफेच्या काजळीत वाढलेली बाई राजवैद्यांची परीक्षा घेणार?"

"परीक्षा कशाला, पंत? एकच गोष्ट विचारते." चिमाबाई शास्त्र्यांकडे वळली. "शास्त्रीबुवा, आपल्या नातीलाही हाच ताप आलाय. आपली सूनबाई पाच दिवस माझ्याकडून ज्येष्ठमधाचा काढा नेते आहे. 'मामंजींनीच पाठवलंय,' म्हणते. धन्यांना रसकर्पूर, मग नातीला का नाही?"

शास्त्र्यांनी उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं, आणि आधी पंतांकडे पाहिलं.

चिकाचा पडदा सरला. चार वर्षांच्या वैधव्यात ज्यांचा आवाजही सदरेने ऐकला नव्हता, त्या सगुणाबाईसाहेब भर दरबारासमोर बाहेर आल्या.

"पुरे, शास्त्रीबुवा. उत्तर मिळालं," त्या म्हणाल्या. "चिमाबाई, लेकराला उचल. आम्ही माचीवर येतो."

"बाईसाहेब, हे रीतीला सोडून होतंय!" पंत म्हणाले.

"रीतीने लेकरू मरू द्यायचं की काय?"

चिमाबाईने धन्यांना गोधडीत गुंडाळून छातीशी घेतलं आणि ती चौकात उतरली, मागे बाईसाहेब. दिंडीवर आठ भालाईत होते, सारे पंतांच्या हाताखालचे. "अडवा!" असा हुकूम सुटताच भाल्यांची फळी आडवी झाली. चिमाबाईचं पाऊल अडलं नाही. भाल्याच्या पात्यापासून वीतभर अंतरावर ती उभी राहिली.

"अडवा की, बाबांनो. पण पोर हिसकायला जवळ यावं लागेल, आणि हा ताप लागट आहे. घरी आपापली पोरं आठवून मग हात घाला." ती मागे वळली. "नाहीतर पंतांनी स्वतः यावं. धन्यांवर एवढी माया आहे, तीन दिवस हात जोडून उभे आहात. हे घ्या, मी देते."

तिने ते तापलेलं पोर दोन्ही हातांवर पुढे धरलं. ज्या माणसाने त्या पोराच्या मरणाची सारी व्यवस्था लावली होती, तो बजाबापंत शेला नाकावर दाबून दोन पावलं मागे सरला. तिसऱ्या पावलाला धोतरात पाय अडकून पायरीवर बसला. भालाइतांनी ते पाहिलं. त्यांनी भाले उभे केले आणि वाट दिली.

माचीचा दरवाजा गोलंदाजांनी बंद केला. त्यांचा नाईक सुभानजी, ज्याच्या दोन्ही मुली चिमाबाईच्या हातून वाचल्या होत्या, त्याने एका तोफेचं तोंड बालेकिल्ल्याकडे फिरवलं. पुढचे नऊ दिवस पंत त्या तोफेला हुकूम लिहीत राहिले.

"वाचेल ना गं?" बाईसाहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"खोटं कशाला बोलू? पंधरातली दोन माझ्या हातून गेली. या तापाला मारणारं औषध माझ्यापाशी नाही, शास्त्र्यांपाशीही नाही. घशाला काढा, मिठाच्या गुळण्या, अंग पुसायला कोमट पाणी, पोटाला पेज. बाकी त्याच्या जिवाने करायचं. आपण नुसतं आड यायचं नाही."

बाईसाहेबांनी स्वतःच्या हाताने पेज भरवली. सातव्या दिवशी ताप उतरला. दहाव्या दिवशी बोटांची साल निघत असताना धन्यांनी तोफेवर बसायचा हट्ट धरला.

पंत आदल्या रात्रीच चोरदिंडीने पळाले. ज्या चुलत्यासाठी हे सारं केलं, त्याने त्यांना आपल्या वेशीच्या आत घेतलं नाही; धन्याचा घात करणारा माणूस उद्या आपलाही करील, एवढं त्यालाही कळत होतं. शास्त्री बाईसाहेबांच्या पायांशी लोळले. बाईसाहेबांनी त्यांची राजवैद्यकीची सनद फाडली आणि त्यांना गडाखाली घालवलं. त्यांच्या नातीचा काढा मात्र चिमाबाईने ती खडखडीत बरी होईपर्यंत बंद केला नाही.

हिंदुरावांचे दोन दात गेले आणि डावा कान कायमचा बंद झाला. दात पुन्हा आले. कान आला नाही. पुढे तीस वर्षं त्यांनी गादी चालवली. दरबारात कोणी वाकून, कानाशी लागून मधाळ बोलू लागला की ते म्हणत, "ऐकू आलं नाही. पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला." असं सांगितल्यावर पुष्कळ जण मुजरा करून नुसतेच मागे सरत.