गिरणीतला स्वार

वेंदेलकाकांनी द्राक्षमद्याच्या तळघराचे दार ओढून घेतले, पिंपावरचा दिवा मंद केला आणि आम्हां पोरांना बजावले, "मध्ये कोणी हसायचे नाही. बेर्तालान माझा शेजारी आहे."

गेल्या वर्षीची तेरा डिसेंबरची, लुत्सेची रात्र; या रात्री भुतेखेते फिरतात म्हणतात. बेर्तालानच्या तान्ह्या मुलाला ताप होता. त्याची बायको पिरोश्का काही वाईट आत येऊ नये म्हणून दारावर लसणाचा क्रूस काढत होती. औषध आणायला तो पायीच निघाला. बर्फात गाडी चालणे शक्य नव्हते. परतताना तो गुत्त्यावरून गेला.

"काय रे, सम्राटाच्या लोहारा! आज कोणाला पकडून देतोस?" आतून एक जण ओरडला.

"तुमचे आजे-पणजे तरी कुठे लढले? पलंगाखालीच होते ना सगळे?" बेर्तालानने सुनावले.

तीनशे वर्षांचा हा टोमणा. सम्राटाविरुद्धचे बंड मोडले, तेव्हा आपले सरदार तारकोई तान्ह्या मुलासह ओढ्याकाठच्या गिरणीत लपले. त्यांच्या घोड्याची प्रत्येक नाल उलटी ठोकलेली होती. बर्फातला माग पाहून शिपायांना वाटले, स्वार निघून गेला. ते परत फिरणार, तोच नाल ठोकणारा लोहार म्हणाला, "माग बाहेर जातो आहे ना? मग स्वार आत आहे."

बाप-लेक तिथेच संपले. तो लोहार बेर्तालानचा पूर्वज.

संतापलेल्या बेर्तालानने वाटेतल्या त्या पडक्या गिरणीच्या दारावर लाथ मारली. "अहो सरदार! तुमच्या पोरापायी माझ्या पोरानेही टोमणे ऐकायचे का? या, काय तो सूड एकदाचा घ्या!"



तो पुढे निघाला. मागे टापा वाजल्या. तो थांबला. टापाही थांबल्या. त्याने मान वळवली नाही...

मग टापा त्याच्या अगदी जवळून पुढे गेल्या. दिसले काहीच नाही. टापा घराच्या दिशेने गेल्या.

तो धावला.

पिरोश्का दिवा घेऊन फाटकात उभी होती. "ताप उतरला हो! बाळ शांत झोपले आहे. आणि हे पाहा, कोणी स्वार येऊन गेला वाटते."

दारापासून रस्त्यापर्यंत टापांचे ठसे उमटले होते. सगळे बाहेर जाणारे.

घराकडे येणारा... एकही नव्हता.

बेर्तालानच्या हातातली औषधाची बाटली पडली. तो कुजबुजला, "पिरोश्का... बाळाजवळ कोण आहे?"

वेंदेलकाकांनी पिंपावरचा दिवा पुन्हा मोठा केला.

बाळ आता वर्षाचे झाले आहे. त्या रात्रीपासून ते एकदाही रडलेले नाही. बर्फ मार्चमध्येच वितळले. पण दाराच्या दगडी पायरीवर नालेचा एक खोल ठसा आहे. उद्या उजेडी जाऊन पाहा. त्याचे तोंड रस्त्याकडे आहे.