एकतीस डिग्रीची अंघोळ

दार उघडलं आणि मला आधी दिसला तो साबणाचा फेस. डोक्यावर फेस, कानात फेस, अंगावर घाईघाईनं गुंडाळलेली शाल, आणि हातात... चक्क थर्मामीटर!

"मेकॅनिक कुठे आहे?" तो कुडकुडत म्हणाला.

"ही काय, समोर उभी आहे."

त्यानं आधी माझ्या मागे जिन्यात डोकावून पाहिलं. मग माझ्या खांद्यावरच्या पान्यांच्या पिशवीकडे. मग माझ्याकडे. आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"सॉरी हं... मला वाटलं, संपतराव शितोळे येतील."

"मी त्यांची मुलगी, राजेश्वरी. बाबांची कंबर धरलीय. आणि तुम्ही आधी डोकं धुवा, सर्दी होईल."

"कशानं धुवू? नळाला नुसता बर्फ येतोय!"

मी फिस्सकन हसले. गिऱ्हाइकाला हसायचं नाही, हा बाबांचा पहिला नियम. पण तुम्हीच सांगा, कोण हसलं नसतं?

बडोद्याच्या निजामपुऱ्यात आमचं सोलर आणि गीझर दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर नाव बाबांचं, तीस वर्षांपासून. पणजोबा गायकवाडांच्या फौजेत होते, त्यामुळे आमच्या घरात शब्द म्हणजे शब्द. बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा मी गोरव्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून पाना हातात घेतला. बाबा म्हणाले होते, "उत्तरायणापर्यंत नावाला बट्टा न लावता दुकान चालवून दाखव. पाटीवर तुझं नाव घालतो." पाटीवर माझं नाव! मला त्याची स्वप्नं पडायची हो, खोटं कशाला सांगू.

तर ते पंधरा डिसेंबरचं काम. थर्मामीटरवाल्याचं नाव शुभंकर वैशंपायन. कॉलेजात फिजिक्स शिकवतो, पण गीझरच्या बटणाला हात लावायची भीती! रोज सकाळी अंघोळीच्या पाण्याचं तापमान मोजून वहीत लिहायचं, हा त्याचा छंद. त्याच्या आईनं, प्रेमलाकाकूंनी, किटलीभर पाणी तापवून त्याचं डोकं धुवायची सोय केली आणि आम्ही धाब्यावर गेलो. बाहेरचे लोक गच्ची म्हणतात, आम्ही बडोदेकर धाबंच म्हणतो.

बोअरच्या पाण्यानं सोलरचे पाइप क्षारांनी चोंदले होते. मी लाइन धुवायला घेतली. त्यानं बादली धरली. धरली म्हणजे, धरून माझ्याकडे बघत उभा राहिला.

"बादली भरली," मी म्हटलं.

"हं."

"सांडतेय!"

"अं? अरे बापरे..."

त्याचे बूट भिजले. तो हसला, आणि हसला की त्याच्या डाव्या गालावर एक बारीकशी खळी पडते. मी ती नुसती सहज पाहिली... बरं, सहज नाही. चांगली निरखून पाहिली. मग काकूंनी खालून चहासाठी हाक मारली आणि मी सामान गोळा करून उतरले.

बारा दिवसांनी काकूंचा फोन. "अगं राजेश्वरी, पाणी नुसतं कोमट येतंय गं."

मी पुन्हा गेले. नळ्या तपासल्या, एक रबरी रिंग बदलली. सगळं ठाकठीक! दुपारी पाणी बऱ्यापैकी गरम लागलं, तेव्हा ढगाळ हवेवर खापर फोडलं. शुभंकर शेजारी पायरीवर वही घेऊन बसला होता. काहीतरी सांगायचं असल्यासारखा दोनदा तोंड उघडून गप्प बसला.

"काय लिहिताय?"

"तापमान."

"पाण्याचं?"

"...हो. पाण्याचंच."

रात्री मला झोप येईना. हा माणूस मुद्दाम काही करत तर नाही ना? म्हणजे मी यावं म्हणून? राग आला. आणि रागाच्या पोटात गुदगुल्याही झाल्या. दोन्ही एकदम. काय करणार!

मग उजाडलं उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. त्या दिवशी बडोद्यात कोणी हातात पाना धरत नाही, पतंगाची फिरकी धरतात. सकाळी साडेसातलाच पिपाण्या वाजू लागलेल्या, आणि काकूंचा फोन थेट बाबांना. त्यांची लेक ऋचा बाळाला घेऊन माहेरी आलेली. संध्याकाळी बाळाचं, म्हणजे नीलचं, बोरन्हाण. घर पाहुण्यांनी भरलेलं आणि नळाला पाणी कोमट.

बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "एकाच घरातून तीनदा? तीस वर्षांत असं झालं नाही. आज नीट कर राजू, नाहीतर पाटीचं विसर."

मी पिशवी उचलली. स्कूटर अशी हाणली की विचारू नका.

शुभंकरनं दार उघडलं. गळ्यात मफलर, नाक लाल, डोळे पाणावलेले.

"सर्दी झाली ना शेवटी!" मी तडकले. "खरं सांगा, वरती जाऊन काही पिळापिळी करता का तुम्ही?"

"मी? मला पाना कुठून धरायचा तेही कळत नाही. आच्छी!"

खोटं बोलणारा माणूस इतका दीनवाणा शिंकत नाही. मी धाब्यावर गेले, मागोमाग वही बगलेत मारून तोही. शेजारच्या प्रत्येक धाब्यावर माणसंच माणसं, पतंग कापला की "लपेट, लपेट!"चा गलका, कुठूनतरी उंधियूचा वास. मी नळ्या पाहिल्या. टाकी पाहिली. सगळं चोख. मग टाकीच्या मागे अडकलेला एक फाटका पतंग ओढून काढला, आणि त्याच्यामागे दिसली ती...

बायपासची चावी, म्हणजे व्हॉल्व्ह. गार आणि गरम पाइपांना जोडणारी. लाइन धुताना उघडायची, धुऊन झाली की बंद करायची. पोरंसोरंही विसरत नाहीत. ती अर्धी उघडी होती! महिनाभर टाकीतलं गार पाणी गरम पाण्यात मिसळत होतं. आणि ती उघडली होती मी. पंधरा डिसेंबरला. बादली सांडली तेव्हा.

मी चावीवर हात ठेवला. एक वेढा फिरवला की काम खलास. कोणाला कळणार होतं? "झालं काकू, जुना वॉशर होता," एवढं म्हणायचं. पाटी माझी.

पण बाबांचा दुसरा नियम होता. चूक आपली असेल, तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची.

"शुभंकर..." मी चावी बंद केली आणि उभी राहिले. "बिघाड माझ्यामुळे झाला. ही चावी मीच उघडी ठेवली, पहिल्या दिवशी."

तो वाकून चावीकडे बघू लागला.

"मी कधी विसरत नाही," मी घाईनं म्हटलं. "दोनशे घरं केली असतील, एकदाही नाही."

"मग त्या दिवशी कशी विसरलात?"

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

आता आली का पंचाईत! मी आभाळाकडे पाहिलं. तिथे नुसते पतंग. मी पायाकडे पाहिलं. तिथे त्याचे तेच बूट.

"तुमच्या गालावर," मी म्हटलं. "खळी पडते ना... तिथे. झालं समाधान? आता सांगा आईला, बोलवा दुसऱ्याला, निजामपुराभर करा बोभाटा!"

त्यानं शांतपणे बगलेतली वही उघडून माझ्यापुढे धरली. निळ्या शाईनं काढलेला आलेख. मागच्या डिसेंबरात रोज पंचेचाळीस. या डिसेंबरात एकदम खाली एकोणीस. मग पंधरा तारखेच्या दुरुस्तीनंतर एकतीस. एकतीस, तीस, एकतीस... महिनाभर सपाट रेघ.

"पाइप साफ होऊनही पाणी एकतीसच," तो म्हणाला. "म्हणजे त्या दिवशी काहीतरी राहून गेलं, हे मला आठवड्यातच कळलं होतं. काय राहिलं ते नाही कळलं, पण तुमच्या हातून राहिलं एवढं नक्की."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर आईनं लगेच तुमच्या बाबांना फोन केला असता. आणि पुढच्या वेळी..." त्यानं नाक पुसलं, "पुढच्या वेळी तेच आले असते."

"म्हणून तुम्ही महिनाभर गार पाण्यानं अंघोळ केलीत?"

"गार नाही हो. एकतीस डिग्री. सोसण्याजोगं असतं... आच्छी!"

हसावं, रडावं, की त्याच्या डोक्यात पाना घालावा, काही सुचेना. तो धडपडत खाली धावला, नळ सोडला आणि बाथरूमच्या खिडकीतून ओरडला, "अठ्ठेचाळीस! राजेश्वरी, अठ्ठेचाळीस!"

शेजारच्या धाब्यावरच्यांना वाटलं, कोणाचातरी पतंग कापला. सगळ्यांनी मिळून पिपाण्या फुंकल्या.

मी तिथूनच बाबांना फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. खळीचं सोडून.

"गिऱ्हाइकाला सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"हो. तोंडावर."

बाबा म्हणाले, "मग रंगाऱ्याला उद्या बोलावतो. नाव पूर्ण लिहायचं ना... राजेश्वरी?"

मी फोनवरच जोरजोरात मान डोलावली.

प्रेमलाकाकू वर आल्या तेव्हा मी डोळे पुसत होते. त्यांनाही मी चूक सांगितली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागून आलेल्या लेकाकडे पाहिलं, आणि तिळगूळ माझ्या हातावर ठेवला. "असू दे गं. गोड बोल म्हणजे झालं. संध्याकाळी बोरन्हाणाला यायचं, नाही म्हणायचं नाही." त्यांच्या हातातल्या ताटात नीलचे हलव्याचे दागिने होते, काकूंनी स्वतः गुंफलेले. एवढासा मुकुट, एवढीशी बासरी. ताट कठड्यावर ठेवून त्या पाहुण्यांना बघायला खाली गेल्या.

"किती नाजूक केलेत," मी म्हटलं.

"आई मोठ्या मापाचेही करते." तो ताटाकडेच बघत होता. "लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला घालतात ना... काळ्या साडीवर. ताईचे तिनंच केले होते."

"हो का?"

"वेळ लागतो म्हणे खूप. म्हणजे पुढच्या संक्रांतीला हवे असतील, तर..." तो शिंकायला गेला, पण शिंक आलीच नाही. "तर माप आत्तापासून घेऊन ठेवलेलं बरं. देशील? मनगटाचं?"

देशील! महिनाभराचं 'तुम्ही' एका दमात गेलं. भोवती सारं शहर ओरडत होतं आणि मला फक्त तेवढंच ऐकू आलं.

मी पिशवीतून मोजपट्टी काढली, त्याच्या हातात दिली आणि मनगट पुढे केलं.

"नीट मोज हं," मी म्हटलं. "या धाब्यावर एकदा चूक झालेली आहे."