लाल काळजाचे कोंब

बर्फात निजवलेला कोंब जिवंत असतो की मेलेला?

विल्बेरने हे पहिल्यांदा विचारलं ते बहिणीला. ऑरेलिया खालच्या खोऱ्यातल्या बियाणे-बँकेत कामाला होती. बटाट्याच्या रोपाचे राळ्याच्या दाण्याएवढे कोंब भिंगाखाली कापायचे, बारीक नळीत भरायचे आणि पांढऱ्या वाफा सोडणाऱ्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत बुडवून ठेवायचे, हे तिचं काम. शंभर वर्षांनी काढले तरी उगवतील, म्हणायची.

"मग आत्ता ते काय करताहेत, ताई?"

ती नुसती हसली आणि त्याची लोकरी टोपी नाकापर्यंत ओढून निघून गेली. पुढे त्याने आईला विचारलं, पाद्रीबाबांना विचारलं.

आज तो त्याच बँकेत निघाला होता, एका बटाट्यासाठी. दुसऱ्या दिवशी मृतांचा सण होता. भर दुपारी, चर्चमध्ये बाराचे टोले पडले की गेलेली माणसं घरी जेवायला येतात. ऑरेलियाचं हे पहिलंच वर्ष. पहिल्या वर्षी आवडीचं पान मांडलं नाही तर आत्मा उंबऱ्यावरून उपाशी फिरतो आणि मग फिरतच राहतो. तिच्या आवडीचा एकच बटाटा, पुका सोन्को. कापला की आत काळजासारखा लाल. गावात तिच्याशिवाय तो कुणी लावत नसे.

"बियाण्याला उंदीर लागले," असं विल्बेरने आईला सांगितलं होतं.

उंदीर कसले! जूनमध्ये बँकेकडे जाताना ऑरेलियाची बस दरीत गेली. मातीवरून आल्या दिवशी विल्बेरने तिचं सगळं बियाणं माळावर नेऊन ओतलं. जून म्हणजे त्या डोंगरात ऐन हिवाळा, तेव्हा तिथे सगळेच चुन्यो करतात. रात्री बटाटे दहिवरात गोठवायचे, सकाळी अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचे. पण बियाणं कुणी तुडवत नाही. त्याने तुडवलं. 'तुमच्यापायी गेली ती,' असं ओरडत, शेवटचा बटाटा फुटेपर्यंत.

बँकेत येनी एकटीच होती, ऑरेलियाची मैत्रीण.

"टोपी झटकून ये रे आत! अर्धं कुरण घेऊन फिरतोस डोक्यावर."

"एक पुका सोन्को दे. ताईच्या पानात वाढायचाय."

येनीचा चेहरा उतरला. "बटाटा कुठला, बाबा? कोंब आहेत. ते हळूहळू उठवायचे, बाटलीत वाढवायचे, मग मातीत. पुढच्या वर्षी ये."

"उपाशी गेली तर पुढच्या वर्षी येईल का ती?"

त्याची समजूत काढायला येनीने टाकीचं झाकण उघडलं आणि नळ्यांची चवड वर ओढून दाखवली. "ही बघ. तिच्याच हातची." तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली. ती दारापर्यंत गेली तेवढ्यात विल्बेरने तिच्या चिमट्याने एक नळी उचलली आणि चघळायच्या कोकाच्या पानांच्या बटव्यात टाकली.

घरी आल्यावर त्याने कोंब वाटीभर पाण्यात भिजत घातले. वाळलेला चुन्यो भिजवला की फुगतो, शिजतो. गोठलेल्या बटाट्याचं दुसरं काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. सकाळी वाटीच्या तळाशी तपकिरी ठिपके पडले होते.

"हे काय, डोळ्यातली चिपडं?" आईने विचारलं.

"बँकेतून आणलंय. ताईच्या हातचं."

"त्यांनी दिलं?"

"हो."

आईने ते ठिपके बशीत घेतले, शेजारी गरम सूप ठेवलं, गेलेल्यांसाठी भाजतात ती पावाची बाहुली ठेवली. उंबऱ्यापासून टेबलापर्यंत चुलीतली राख चाळून पसरली, येणाऱ्याची पावलं दिसावीत म्हणून. मग दोघं अंगणात उभी राहिली.

टोले पडले. ऊन इतकं लख्ख होतं की भिंतीकडे बघवत नव्हतं. आत्मा मोठ्या निळ्या माशीच्या रूपाने येतो. आई कान देऊन होती. पण माशी आली नाही... वास आला. आंबूस, ओल्या मातीचा. फुटलेल्या बटाट्याचा.

मग आतून आवाज आला. फच्... फच्... कुणीतरी सावकाश, टाच फिरवत, काहीतरी तुडवत होतं.

"कोण आहे गं आत?" विल्बेर पुटपुटला.

आईने त्याचा हात घट्ट धरला. आवाज थांबला तेव्हा ती आत गेली. तो मागोमाग गेला.

सुपावर बर्फाची साय धरली होती. राखेत पावलंच पावलं होती, टेबलाभोवती गोल गोल. ऑरेलियाची नाजूक पावलं नव्हती ती. रुंद, अनवाणी... आणि उजव्या पायाला करंगळी नव्हती.

विल्बेरची करंगळी लहानपणी कुदळीखाली गेली होती. आवाज येत होता तेव्हा तो अंगणात बूट घालून उभा होता, आईचा हात धरून.

आईने त्या पावलांकडे पाहिलं, टाचांच्या पिळांकडे पाहिलं. तसे पीळ बटाटे तुडवताना उमटतात हे तिला सांगावं लागणार नव्हतं.

"सगळे?" तिने विचारलं.

"सगळे... आई, मी त्या दिवशी..."

"उंदीर म्हणालास."

एवढंच. ती त्याच्याकडे पाठ करून भिंतीशी बसली. तिने शिव्या दिल्या असत्या, चुलीतलं लाकूड फेकून मारलं असतं, तर बरं झालं असतं. कानाच्या पाळ्या जळत होत्या आणि तोंड कुठे लपवावं ते विल्बेरला कळत नव्हतं. येनीचा चेहराही डोळ्यांपुढून हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्म्यांना निरोप द्यायचा असतो. आईने बशी फडक्यात बांधली. त्याच्या हातात दिली नाही, जमिनीवर ठेवली. त्याने ती उचलली आणि एकटाच टेकडीवर गेला. ऑरेलियाच्या थडग्याच्या मातीत हातांनीच खळगा केला. वर ऊन रणरणत होतं, पण खाली माती इतकी थंड होती की बोटं चिकटत होती. त्याने कोंब आत ठेवले, माती ओढली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, अंगावर पांघरलेला लोकरी पोंचो काढून त्यावर घातला आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

नुसत्या सदऱ्यात कुडकुडत तो उतरायला लागला. वळणावर मागे पाहिलं. वारा नव्हता. गवताचं पातंही हलत नव्हतं. पण पोंचो मधोमध किंचित वर आला... आणि खाली बसला. पुन्हा वर आला.

विल्बेरचे पाय पळायला निघाले होते. तो तसाच परत वर चढला. गुडघ्यांवर बसून त्याने डोक्याकडचा एक दगड काढला आणि पोंचोचा कोपरा जरासा दुमडून ठेवला, आत हवा जावी म्हणून.