बाप्तिस्म्याचं भांडं कुणी नेलं?

“पाद्रीबाई, चर्चमध्ये चोरी झाली तर देव साक्ष द्यायला येतो का?”

कन्फर्मेशनच्या, म्हणजे वयात येताना बाप्तिस्म्याची शपथ स्वतः पक्की करण्याच्या विधीच्या, वर्गात खसखस पिकली. एम्बलानं हे विचारून दाखवावं, अशी मैत्रिणींची पैज होती. पाद्रीबाई गुडनी मात्र हसल्या नाहीत.

“येत नाही गं. आणि आज चारला चर्चची समिती थोर्ग्रीमुरला कामावरून काढणार आहे.”

सगळ्या शहराच्या डोक्यावर उभ्या असलेल्या त्या चर्चची राखण थोर्ग्रीमुर तीस वर्षं करत होता. शनिवारी बाप्तिस्म्याचं चांदीचं भांडं गायब झालं. भांड्याच्या कपाटाची किल्ली त्याच्या ताब्यात.

“भांडं बाहेर न्यायची बंदी आहे,” पाद्रीबाई म्हणाल्या, “आणि नाताळनंतर इथं एकही बाप्तिस्मा झालेला नाही.”

एम्बला ताडकन उठली. मागोमाग तिची मैत्रीण स्नाइडिस. हातात वही, डोक्यात गोंधळ.

थोर्ग्रीमुर पायऱ्यांवरचा बर्फ खरवडत होता. “किल्ली ऑर्गनमागच्या खिळ्याला असते. पहिल्यापासून तिथंच.”

“म्हणजे कुणीही नेलं असेल!” स्नाइडिस म्हणाली.

“कुणीही कसं? खिळा ठाऊक असलेल्यानं.”

ऑर्गनकडे चढताना स्नाइडिस कुजबुजली, “ऑर्गनवाल्या हाल्बेराला नव्या नातवाचं नाव विचारू नकोस हं. शुक्रवारी मी विचारलं, तर म्हणाली, वसंतापर्यंत दम धर!”

ऑर्गनवादक हाल्बेरा जांभया देत होती. “किल्ली? नाही बाई पाहिली. क्यार्टाननं रात्रभर जागवलं, डोळे मिटतायत.”

“क्यार्टान कोण?”

“माझा नातू!”

एम्बलानं वही मिटली. मग तिनं पाद्रीबाईंना आणि थोर्ग्रीमुरला वर बोलावलं.

“बाप्तिस्मा होईपर्यंत आपल्याकडे बाळाचं नाव कुणाला सांगत नाहीत. शुक्रवारी ते गुपित होतं, आज क्यार्टान आहे. म्हणजे मधे बाप्तिस्मा झाला. इथं नाही, तर घरी. आणि खिळा तर तुमच्या ऑर्गनमागेच आहे, हाल्बेरा. चारला या चोरीपायी थोर्ग्रीमुरला काढणार आहेत!”

हाल्बेरानं ऑर्गनचं झाकण मिटलं. “बाप्तिस्मा वसंतात ठरला होता, पण माझी आई वसंत बघणार नाही. तिचा बाप्तिस्मा त्याच भांड्यात झाला होता. पणतवाचाही तिला बघायचा होता. एक निवृत्त पाद्री आले. तेव्हापासून भांडं तिच्या उशाशी आहे. काढून घ्यायला हात धजेना. पण थोर्ग्रीमुर, तुला काढतायत हे मला आत्ता कळतंय रे!”

“मला विचारलं असतंस,” थोर्ग्रीमुर म्हणाला, “तर मीच पोचवलं असतं.”

समितीनं त्याला ठेवलं. हाल्बेराला काढलं.

घरी बाबा तिच्या कन्फर्मेशनच्या मेजवानीला बोलवायच्या पाहुण्यांची यादी करत होते, आई मासे तळत होती. एम्बलानं कोटही काढला नाही.

“हॉल रद्द करा. हाल्बेराला परत घेईपर्यंत मी कन्फर्मेशनला उभी राहणार नाही.”