अकराची टाचनी

मी नगरच्या एका लॅबमधी हाडं मऊ करतो. हसू नका, ह्ये बी काम हाय. ऑपरेशनात काढल्याला हाडाचा तुकडा दगडावानी असतो, त्याची पातळ चकती निघत न्हाई. म्हून त्यो ॲसिडात बुडवायचा आन रोज अकराला, च्या झाला की, टाचनी टोचून बघायची. सरळ आत गेली की झालं.

पारनेरच्या हसीनाचा तुकडा आला. माज्या बायकूचे, बायडाबाईचे ब्लाऊज तीच शिवती. मांडीला शिलाई मशीनचा कोपरा लागला आन तिथं हाडावानी गाठ धरली.

डॉक्टर मॅडम म्हनल्या, "श्रीमंत, मुक्या माराची गाठ आणि कॅन्सर, दोन्ही भिंगाखाली सारखंच दिसतं. पहिलं आपोआप बसतं. दुसऱ्यात पाय काढावा लागेल. पुण्याला रंगाची तपासणी करून घेऊ. पण आधी मऊ होऊ दे."

पहिल्या दिशी अकराला टोचलं. लगी फोन.

"मामा, रिपोर्ट कधी? आन आत्ता मांडीत सुई घुसल्यावानी झालं बघा."

"मशीनची लागली आसंल."

"मशीन बंद हाय. तुमीच करनी करताय काय?" हसली.

दुसऱ्या दिशी बी अकरालाच. तिसऱ्या दिशी मी मुद्दाम पावनेचारला टोचलं. पावनेचारला फोन. हसली न्हाई.

चौथ्या दिशी टाचनी हातात धरून बसलो. टोचावं तर तिला. न्हाई टोचावं तर रिपोर्ट कसा येनार?

मीच फोन लावला. "पोरी, कायतरी घट धरून बस."

कशाला, म्हून तिनं इचारलं न्हाई.

टाचनी सरळ आत गेली.

चकत्या कापल्या त्या दिशी तिचा फोन बंद हुता.

पुन्याचा रिपोर्ट आला. मुका मार. पाय वाचला. ईदला शिरखुर्म्याचा डबा धाडला तिनं.

उरल्याला तुकडा मेनाच्या वडीत बसवून कपाटात ठिवत्यात. त्याला आता धा वर्सं झाली. औंदा जुन्या वड्या जाळायची यादी निघाली. त्यात तिचा नंबर हुता. मी ती वडी गुपचूप खिशात घालून घरी आनली, देव्हाऱ्यामागं ठिवली.

आज दुपारी जेवायला आलो. वडी न्हाई.

"त्यो मेनबत्तीचा तुकडा व्हय?" बायडाबाई म्हनली. "कपाटाचा ड्रावर अडकत हुता. घासला."

निम्मीच वडी हातात दिली.

ड्रावर आता लई हलका सरकतोय.

मोबाईल वाजतोय. पारनेरचा हाय.